प्रकरण दुसरे, पत्रिकांच्या पाठीवर

“कुणी राहायला नको, राव!”

असं म्हणत सर पत्रिका झटकायचे. लग्नाची पत्रिका. कोपऱ्यात हळदीकुंकवात चिकटलेल्या अक्षता माझ्या टेबलावर पडायच्या. मग खिशातली कात्री काढून सर ती पत्रिका घडीवर बरोबर कापायचे, छापील बाजू खाली ठेवायचे आणि कोऱ्या पाठीवर हिरव्या शाईने एका संशोधकाचं नाव लिहायचे. नावाखाली रेघ. रेघेखाली काही नाही. तो तुकडा बुटाच्या खोक्यात उभा राहिला की हात झटकून म्हणायचे, “झालं एक.” चेहऱ्यावर भाव असा, की एक एकर नांगरून झालं.

मी तेव्हा आमच्या महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. आळेफाट्यापासून सायकलने जाण्यासारखं महाविद्यालय, पत्र्याच्या छपराचं ग्रंथालय आणि वाचायला तीन टेबलं. सर समाजशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं आणि त्या तीनपैकी एक टेबल कायमचं त्यांच्याकडे गेलं. पुढची सात-आठ वर्षं मी त्यांना रोज जवळून पाहिलं. जवळून पाहिल्यावर माणसाबद्दल आदर वाढतो असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. ते आमच्या ग्रंथालयात कधी बसले नव्हते.

सरांचा विषय होता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या मुली शाळा का सोडतात. विषय चांगला होता, यात शंका नाही. एवढ्या चांगल्या विषयाच्या वाट्याला हे गृहस्थ यावेत याचंच मला वाईट वाटायचं.

प्रबंधातलं दुसरं प्रकरण असतं, ‘संबंधित साहित्याचा आढावा’. आपल्याआधी या विषयावर कुणी काय शोधलं, कुणाचं कुणाशी पटलं नाही आणि कुठला प्रश्न तसाच पडून राहिला, हे त्यात सांगायचं. म्हणजे आपण नवीन काय करतोय ते वाचणाऱ्याला कळतं. हे मी तुम्हाला चार ओळींत सांगितलं. सरांना सात वर्षांत सांगता आलं नाही.

त्यांची अडचण अशी होती की ते दुसऱ्या एका शास्त्रात फार मोठे होते. आळ्यापासून निमगाव सावापर्यंत कुणाच्याही घरी लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर सरांकडे यायचा. नवरदेवाच्या चुलत्याचं नाव आत्याच्या नवऱ्याच्या वर घ्यायचं की खाली, माजी सरपंच आणि आजी सरपंच एका ओळीत बसतील का, जमिनीवरून बोलाचाली बंद असलेले दोन भाऊ ‘निमंत्रक’मध्ये घालायचे की एकाला ‘व्यवस्थापक’मध्ये पाठवायचं, हे सर दोन मिनिटांत सांगायचे. त्यांनी केलेल्या पत्रिकेवरून कुणी रुसलं नाही, असा त्यांचा लौकिक होता. या कामात त्यांच्या तोडीचा माणूस दोन तालुक्यांत नव्हता, हे मनात कितीही राग असला तरी मी नाकारणार नाही. छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मानाने त्यांच्या घरी जायचा आणि पुढे तोच कापून संशोधनाला लागायचा. कित्येक थोर विद्वानांच्या कोपऱ्याला माझ्या डोळ्यांदेखत हळद लागली.

कार्ड शोधायची त्यांची पद्धतही ऐका. मी आपला विषयवार, लेखकवार शिकलेला माणूस. मी विचारायचो, “सर, तो बिहारमधल्या शाळांवर काम केलेला कुठाय?” सर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “तो का? तो निमगावच्या लग्नात हाय. गुलाबी पत्रिका, गणपती उजव्या सोंडंचा.” खोक्यात हात घालून तेच कार्ड काढायचे. त्या संशोधकाचं म्हणणं काय होतं, हे मात्र त्यांना ठाऊक नसायचं. त्याच्या पाठीवरच्या नवरानवरीला पुढं मूलबाळ काय झालं, हे ते सांगू शकायचे.

महिन्यातून एकदा एसटीने पुण्याला जायचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुसऱ्यांचे प्रबंध काढायचे आणि त्यातलं फक्त दुसरं प्रकरण उघडायचे. तिथली नावं आपल्या कार्डांवर उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. पहिलं प्रकरण कधी उघडलं नाही, तिसरं तर नाहीच. त्या दुसऱ्या माणसानेही ती नावं अशीच तिसऱ्या कुणाच्या दुसऱ्या प्रकरणातून आणलेली असणार, असा माझा कयास आहे. मूळ पुस्तक वाचलेला माणूस त्या साखळीत नेमका कुठं बसला होता, देव जाणे.

एका दिवाळीच्या सुट्टीत सरांनी तिन्ही टेबलं जोडली आणि सगळी कार्डं मांडली. शंभराच्या वर असतील. मला बोलावलं.

“बघा, ग्रंथपाल. कशी पंगत बसवलीय!”

मी पाहिलं. पहिल्या रांगेत त्यांचे गाईड, गाईडचे गाईड, विभागप्रमुख. दुसऱ्या रांगेत परीक्षक म्हणून येण्याचा संभव असलेली माणसं. मग निवृत्त झालेले, मग वारलेले. परदेशी लोक वेगळ्या टेबलावर होते, पाव्हण्यांसारखे. शेवटच्या रांगेत आमच्याच महाविद्यालयातले तीन प्राध्यापक होते. त्यांनी मुलींच्या शिक्षणावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. एकाचा अभ्यास द्राक्षावरच्या करपा रोगावर होता.

“हे इथं कशाला, सर?”

“आपल्याच कॉलेजातले हायेत. उद्या म्हणतील, एवढं मोठं पुस्तक लिवलं आन् आमचं नाव न्हाई. कुणी राहायला नको, राव.”

मी समजावून सांगितलं. म्हटलं, माणसांच्या मानाप्रमाणे लावू नका, प्रश्नाप्रमाणे लावा. शाळा लांब आहे म्हणून मुली गळतात म्हणणारे एका बाजूला घ्या. अंतराचा काही संबंध नाही म्हणणारे त्यांच्या समोर बसवा. कुणाचं कुठे चुकतं ते लिहा.

सरांनी ऐकून घेतलं. मग दोन कार्डं उचलून त्यांनी आणखी लांब नेऊन ठेवली. त्या दोघांचं पटत नाही हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं.

“भांडणं लावायची का मी लोकांची? आन् चुका काढायला आपण कोण? प्रत्येकानं आपापल्या परीनं चांगलंच केलेलं असतंय.”

आणि तसंच त्यांनी लिहिलं. एका परिच्छेदात एक नाव आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तेच वाक्य, ‘सदर संशोधन प्रस्तुत संशोधकास मार्गदर्शक ठरले.’ द्राक्षावरचा करपाही मार्गदर्शक ठरला. प्रकरणाच्या शेवटी, तुमचा विश्वास बसणार नाही, त्यांनी लिहिलं होतं, ‘नजरचुकीने कोणाचा उल्लेख राहून गेला असल्यास क्षमस्व.’ फक्त ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ एवढं राहिलं होतं.

आता मला बाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्यामुळेच मी हे लिहितो आहे. नाहीतर या माणसावर शाई घालवायची मला हौस नाही.

बाई पिंपरी पेंढारच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. दोन्ही तालुक्यांतल्या शाळांवर बदल्या भोगलेल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सुट्ट्यांमध्ये पुण्याला जाऊन एम.एड. केलं आणि लघुप्रबंध लिहिला. विषय हाच, याच दोन तालुक्यांतल्या मुलींचा. सरांच्या कितीतरी आधी. शाळांचे हजेरीपट काढून त्यांनी शाळा सोडलेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन विचारलं होतं. काही ठिकाणी तीन-तीनदा, कारण पहिल्यांदा बाप बोलायचा, दुसऱ्यांदा आई आणि तिसऱ्यांदा कुठे ती मुलगी.

त्यांना सापडलं ते असं. कांदाकाढणीला आई शेतात जाते, म्हणून लहान भावंडाला सांभाळायला मुलगी महिनाभर घरी राहते. हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी पुढचं पाहिलं. महिन्याने ती मुलगी परत शाळेत येतेच. मास्तर दारातच म्हणतात, “या पाव्हणीबाई, आठवण आली का शाळेची?” सगळा वर्ग हसतो. त्यानंतर ती पुन्हा येत नाही. ज्या शाळांत असं कुणी म्हणत नव्हतं, तिथल्या मुली टिकल्या होत्या. मी ते पान वाचलं तेव्हा मला माझे मास्तर आठवले आणि आमच्या वर्गातली, नंतर कधीच न दिसलेली एक मुलगी आठवली. वर्गाबरोबर मीही हसलो होतो.

बाईंनी एक प्रत आमच्या ग्रंथालयाला दिली होती. तपकिरी कागदाचं कव्हर घालून, वर सुंदर अक्षरात नाव घालून. मी ती दाखल करून घेतली. सात वर्षांत ती एकाच माणसाने नेली. सरांनी. ती त्यांच्याकडेच राहिली.

बाई महिन्या-दोन महिन्यांनी ग्रंथालयात यायच्या. पुस्तक बदलायचं निमित्त असायचं. जाताना हळूच विचारायच्या.

“झालं का व सरांचं पुस्तक, भाऊ?”

“चाललंय, बाई.”

“माझं नाव येनार हाय ना त्यात?”

एकदा मी जरा कुचक्यासारखं म्हणालो, “नावाचं एवढं काय घेऊन बसलात?” बाई रागावल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, “नावाचं काय न्हाई, भाऊ. माझं पुस्तक तुमच्या कपाटात हाय, तिथवर कोण यिल? सरांचं विद्यापीठात जाईल. त्यात माझी एक वळ असली तर पुढचा शोधणारा माग काढीत इथवर यिल. त्या पोरींनी मला सांगितलंय, ते कुणाला तरी कळायला नको का?”

आढावा कशासाठी लिहायचा हे मला लायब्ररी सायन्सच्या पुस्तकात इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी खजील झालो. मग बाईंना म्हटलं, “येणार म्हणजे येणार. मी बघतो.”

मी बघतो. हे शब्द माझे होते, ते लक्षात ठेवा.

मुदतवाढीवर मुदतवाढ घेत शेवटी दोन हजारच्या पुढे कधीतरी प्रबंध टंकायला गेला. गाईडने म्हणे फोनवर सांगितलं, दुसरं प्रकरण फार लांबलंय, थोडी नावं काढा. सरांनी ती काढली. टंकलेली पानं मला तपासायला दिली, कारण माझं शुद्धलेखन बरं. मी सगळं प्रकरण दोनदा वाचलं. करपा होता. वारलेले होते. बाई नव्हत्या.

मग मी चौथं प्रकरण उघडलं, निष्कर्षांचं. तिथे कांदाकाढणी होती, महिनाभराची गैरहजेरी होती, आणि दारात उभं राहून ‘या पाव्हणीबाई’ म्हणणारे मास्तरही होते. ‘प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले की...’ प्रस्तुत संशोधक या काळात एकाही मुलीच्या घरी गेला नव्हता. तो लग्नांना गेला होता.

मी पानं घेऊन स्टाफरूमला गेलो. सर चहा पीत होते.

“सर, बाईंचं नाव राहिलं.”

“राहिलं न्हाई. काढलं.”

“का?”

सर मोकळेपणाने हसले. कपटी माणूस असा हसत नाही. मला त्यांचा राग येतो तो यासाठीच.

“ग्रंथपाल, तुमी पत्रिका कधी केलीय का? जागा कमी पडली की कुणाचं नाव काढायचं? जो रुसल त्याचं काढता येत न्हाई. घरच्याचं काढायचं. घरचा माणूस रुसत न्हाई. घरच्याला कुणी पत्रिका देतं का? बाई आपल्या घरच्याच हायेत.”

“घरच्या भांड्यांवरच तर नाव घालतात, सर. आणि तुम्ही भांडं उचललंय, नाव खरवडलंय.”

“लई लावून घेता राव तुमी,” ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मी तिथून निघालो आणि रागाच्या भरात सायकल काढून थेट पिंपरी पेंढारला गेलो. बाई अंगणात लसूण निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

“घरची म्हणले?”

“हो.”

“बरं,” बाई म्हणाल्या. आणखी एक पाकळी बाजूला टाकून पुन्हा म्हणाल्या, “बरं.” मला चहा दिला. मी निघताना विचारलं, “मग आता?” तर म्हणाल्या, “तुमी म्हणला व्हता ना, मी बघतो.”

मी बघायचं ठरवलं. पुस्तकांच्या वार्षिक तपासणीचं निमित्त काढून सरांकडून बाईंचा लघुप्रबंध परत मिळवला. अक्षतांचे दोन दाणे त्यातही होते. विद्यापीठात मौखिक परीक्षा खुली असते, शेवटी अध्यक्ष जमलेल्या लोकांना विचारतात, कुणाला काही प्रश्न आहे का. तिथे उभं राहायचं आणि ती प्रत टेबलावर ठेवायची. काय बोलायचं तेही मी पाठ केलं होतं. चारच वाक्यं होती.

आळेफाट्याहून दोन ट्रॅक्स गाड्या निघाल्या. सरांनी सगळ्यांना नेलं होतं. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, भावकी, सोयरे, करपावाले. बाईसुद्धा होत्या, नवं इरकल नेसून आल्या होत्या. सरांनी त्यांना आवर्जून बोलावलं होतं. सभागृहात तिसऱ्या रांगेत त्या माझ्या शेजारी बसल्या. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत तपकिरी कव्हर.

सर कोट घालून उभे होते. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मृदू बोलणारे. त्यांनी प्रबंध चाळत विचारलं, “तुमचे निष्कर्ष फार ताजे वाटतात. या दोन तालुक्यांत असं काम याआधी कुणी केलंय का?”

 सरांची नजर आमच्या रांगेवर येऊन गेली.

“नाही, सर,” ते म्हणाले. “प्रथमच.”

बाईंनी पदर सारखा केला. एवढंच.

मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? मी पिशवीत हात घातला. कव्हर हाताला लागलं. पुढच्या रांगेत प्राचार्य होते, त्यांच्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष. सरांच्या वृद्ध आईला कुणीतरी खुर्चीवर बसवलं होतं, ती कौतुकाने सगळीकडे पाहत होती. बाहेर ताटं लागल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कार्य चाललंय. त्यात कशाला विघ्न? मी हात बाहेर काढला आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मीही वाजवल्या. नंतर शाल, श्रीफळ, फोटो. जेवणात बालुशाही होती. ती मी खाल्ली, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर बाई ग्रंथालयात आल्या नाहीत. सर मात्र डॉक्टर झाले. दारावर पाटी लागली. पत्रिकांमध्ये आता त्यांचं स्वतःचं नाव दोन ओळी वर सरकलं.

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. चार घड्यांची पत्रिका, त्यांच्या आयुष्यभराच्या कलेचा कळस. अख्खा तालुका होता तीत. एका रविवारी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “पिंपरी पेंढारला जायचंय, बाईंकडं. तुमी चला.” एकटे का जात नाही, हे मी विचारलं नाही. ते विचारण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

बाईंनी स्वागत केलं, पाणी दिलं, चहा दिला, मुलीची चौकशी केली. सरांनी उभं राहून दोन्ही हातांनी पत्रिका पुढे केली. त्यावर अक्षता ठेवल्या होत्या.

बाईंनी ती घेतली. सगळी उघडून वाचली, घडी न् घडी. मग पुन्हा नीट मिटवून सरांच्या हातात ठेवली.

“घरच्याला पत्रिका देत्यात व्हय, सर?”

आवाजात राग नव्हता. सरांनी पत्रिका परत पिशवीत घातली. कुणी रुसलं तर काय करायचं हे आळ्यापासून निमगावापर्यंत लोक त्यांना विचारायला येत. त्या दिवशी त्यांना काही सुचलं नाही. परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागे बसून मी त्यांची मान पाहत होतो. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. बरं वाटलं. बाई लग्नाला गेल्या नाहीत.

सर निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच गेले. दशक्रियेला नदीकाठी गर्दी लोटली होती. श्रद्धांजलीच्या भाषणांत कुणी आधी बोलायचं यावरून वाद झाला, सोडवणारा माणूस नव्हता. मी मागे उभा होतो. तिथेही मला त्यांच्याबद्दल चांगलं काही सुचलं नाही.

महिन्याभराने त्यांच्या मुलाने बुटाची पाच खोकी आणून माझ्या टेबलावर ठेवली. “पप्पांचं रिसर्च हाय. लायब्ररीला उपयोगी पडंल.” रद्दीत घालण्याआधी चाळावीत म्हणून मी ती उघडली. नाव, खाली रेघ, रेघेखाली काही नाही. शेकडो कार्डं तशीच.

शेवटच्या खोक्यात, सगळ्यांच्या पुढे, एक जाड कार्ड होतं. चार घड्यांच्या पत्रिकेचं, मुलीच्या लग्नाच्या. बाईंनी परत केलेलीच ती पत्रिका असणार, कारण मधल्या घडीवर बोटांचे डाग होते. पाठीवर बाईंचं नाव होतं. खाली रेघ. आणि या एका कार्डावर रेघेखाली हिरव्या शाईने इतकं बारीक लिहिलेलं होतं की मला चष्मा पुसावा लागला. बाईंनी प्रश्न काय घेतला. घरी तीन-तीनदा का गेल्या. काय सापडलं. अंतराचं कारण सांगणाऱ्यांशी त्यांचं कुठे पटत नाही, आणि त्या दोन बाजूंपैकी कुणाचं चुकतं. कुठला प्रश्न बाईंनाही सुटला नाही. नेमकं, मुद्द्याला धरून, एकही शब्द जास्त नाही. म्हणजे या माणसाला येत होतं. इतकी वर्षं येत होतं. मला पुन्हा संताप आला.

‘मार्गदर्शक ठरले’ हे वाक्य त्यावर नव्हतं. शेवटची ओळ होती, ‘माझे काम नवे नाही. हे आधी झाले होते.’ खाली सही.

सही केली आणि खोक्यात ठेवून दिलं. बाईंना दाखवलं नाही, विद्यापीठाला कळवलं नाही. मरेपर्यंत दारावरची पाटी तशीच होती.

ते कार्ड घेऊन मी पिंपरी पेंढारला गेलो. बाई आता थकल्या होत्या, पण डोळे तसेच होते. त्यांनी कार्ड लांब धरून सावकाश वाचलं. उलटं करून नवरानवरीची नावं पाहिली. पुन्हा सुलटं केलं.

“अक्षर चांगलं व्हतं सरांचं,” म्हणाल्या.

मी सांगितलं, ग्रंथालयात सरांच्या प्रबंधाची प्रत आहे, तिच्यात दुसऱ्या प्रकरणात हे चिकटवतो. नियमात बसत नाही, पण चिकटवतो. पुढचा शोधणारा माग काढत तुमच्यापर्यंत येईल.

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “त्या दिशी पुण्यात तुमच्या पिशवीत माझंच पुस्तक व्हतं ना, भाऊ? तपकिरी कवर मी वळखलं व्हतं.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

“मंग खाली तुमचं बी नाव लिवा,” बाई म्हणाल्या आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “ज्यांना ठावं व्हतं, त्यांची नावं त्यावर असू द्या. सरांचं हाय. तुमचं बी पायजे. कुणी राहायला नको.”

मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून, सरांच्या सहीखाली माझं नाव लिहिलं. माझ्याकडे हिरवी शाई नव्हती, निळ्या पेनाने लिहिलं. बाई मी लिहून होईपर्यंत पाहत होत्या.